जलचक्रात माणूस कुठे आहे? सहा तासिकांची आखणी

सहावी ते आठवीच्या बहुतेक मुलांना जलचक्राची आकृती पाठ असते. समुद्र, वर जाणारे बाण, ढग, डोंगर, पाऊस, नदी आणि पुन्हा समुद्र. पण "पाऊस सरासरीइतका झाला, तरी विहीर आटली, असं का?" असं विचारलं की वर्ग गप्प होतो. त्या आकृतीत विहीर नसते, पंप नसतो, फरशी घातलेलं अंगण नसतं. हा दोष मुलांचा नाही. २०१९ मध्ये 'नेचर जिओसायन्स' या नियतकालिकात जलचक्राच्या ४६४ आकृत्यांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांपैकी जेमतेम १५ टक्के आकृत्यांमध्ये माणसाचा पाण्याशी काही संबंध दाखवला होता.

खालच्या आखणीत प्रत्येक टप्प्याला तेच तीन प्रश्न विचारायचे आहेत. पाणी इथे किती काळ थांबतं? इथला वेग कशाने बदलतो? आणि तो बदलला तर कोणाला, किती दिवसांनी जाणवतं? हे प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहा आणि शेवटच्या तासिकेपर्यंत पुसू नका. एक तासिका ४० मिनिटांची धरली आहे.

पहिली तासिका: चित्र आणि एक लिटर पाणी

सुरुवातीला काहीही न शिकवता कोरा कागद द्या. "आज तुम्ही प्यायलेलं पाणी त्याआधी कुठे होतं आणि यानंतर कुठे जाईल, ते काढा." वेळ दहा मिनिटं. 'जलचक्र' हा शब्द उच्चारू नका, नाहीतर पाठ केलेली आकृती कागदावर उतरते आणि मुलाला खरंच काय वाटतं ते कळत नाही. कागद गोळा करा, दुरुस्त्या करू नका. घरी चाळताना चारच गोष्टी बघा: जमिनीखाली काही काढलं आहे का, माणूस आहे का, वापरलेलं पाणी कुठे जातं ते दाखवलं आहे का, आणि सगळे बाण एकाच गोलात फिरतात का. बहुतेक चित्रांत नळ हीच सुरुवात आणि मोरी हाच शेवट असतो.

उरलेल्या वेळात एक लिटरचं प्रात्यक्षिक. पारदर्शक भांड्यात १,००० मिलिलिटर पाणी घ्या. हे पृथ्वीवरचं सगळं पाणी. त्यातलं २५ मिलिलिटर मोजपात्रात काढा, ते गोडं पाणी. मागे राहिलेल्या ९७५ मिलिलिटरमध्ये मुलांसमोर मीठ टाका. आता २५ मधले १७.२ मिलिलिटर एका वाटीत ओता, हे हिमनद्या आणि ध्रुवांवरचं बर्फ. साडेसात मिलिलिटर वाळू भरलेल्या पेल्यात ओता, हे भूजल. मोजपात्रात जेमतेम पाच-सहा थेंब उरायला हवेत. त्यातलेही चार-एक थेंब कायम गोठलेल्या जमिनीतले. सगळ्या नद्या आणि गोड्या पाण्याची तळी मिळून दीड थेंब.

इथे मोजपात्र दगा देतं. काचेला चिकटलेलं पाणीच अर्धा मिलिलिटर भरतं, त्यामुळे शेवटचे थेंब कमी-जास्त दिसतात. ते आधीच ड्रॉपरने मोजून वेगळे ठेवा. साध्या ड्रॉपरचे साधारण २० थेंब म्हणजे एक मिलिलिटर.

हे प्रात्यक्षिक इथेच थांबवलं तर त्याचा परिणाम उलटा होतो. "पाणी संपत आलंय" एवढंच मुलं घरी घेऊन जातात. म्हणून लगेच पुढचं गणित द्या. हवेतली सगळी वाफ एकदम पाऊस होऊन पडली, तर जगभर सरासरी २५ मिलिमीटर थर साचेल. प्रत्यक्षात जगाचा वर्षाचा सरासरी पाऊस सुमारे १,००० मिलिमीटर आहे. म्हणजे हवेतलं पाणी वर्षात कितीदा बदललं? चाळीसदा. ३६५ भागिले ४० केले की नऊ दिवस येतात. पाण्याचा रेणू हवेत सरासरी नऊ दिवस राहतो, समुद्रात सुमारे तीन हजार वर्षं, खोल भूजलात शेकडो ते हजारो वर्षं. पाणी नाहीसं होत नाही. ते माणसाला हवं तिथे, हवं तेव्हा, वापरण्याजोगं असेल की नाही, हा प्रश्न आहे. पुढच्या पाचही तासिका याच वाक्यावर उभ्या आहेत, त्यामुळे गणित मुलांकडूनच करून घ्या.

दुसरी तासिका: बाष्पीभवन अंगावर

बाष्पीभवन म्हणजे उकळणं, ही समजूत आठवीपर्यंत टिकून असते. दोन सारख्या ताटल्यांत ५० मिलिलिटर पाणी घालून एक उन्हात आणि एक सावलीत ठेवण्याचा प्रयोग सगळे करतात. तो सकाळीच लावून ठेवा आणि तासिकेत फक्त मोजा. जास्त उपयोगी प्रयोग ओल्या तापमापकाचा आहे, कारण त्यात जलचक्र थेट माणसाच्या शरीरापर्यंत येतं.

प्रत्येक गटाला दोन तापमापक द्या. ते अल्कोहोलचे हवेत, पाऱ्याचे वर्गात आणू नका. एकाच्या फुग्याला पातळ सुती कापडाचा एकच पदर गुंडाळून दोऱ्याने बांधा आणि पाण्यात भिजवा. दोन्हींवर पुठ्ठ्याने तीन मिनिटं वारा घाला, मग आकडे वाचा. ओला तापमापक कमी तापमान दाखवेल. हवा जितकी कोरडी, तितका फरक मोठा.

चूक हमखास पाण्यात होते. पाणी माठातलं किंवा फ्रिजमधलं असेल, तर थंडावा बाष्पीभवनाचा की पाण्याचा हे सांगता येत नाही. आदल्या दिवशी भरून वर्गातच ठेवलेलं पाणी वापरा. दुसरी चूक कापडाची. जाड कापड गुंडाळलं तर तीन मिनिटांत काही विशेष घडत नाही.

आता घाम. एक ग्रॅम घाम वाळताना अंगातली सुमारे २,४०० जूल उष्णता घेऊन जातो. हवेचं तापमान ३५ अंश आणि आर्द्रता ३० टक्के असेल, तर ओला तापमापक २२ च्या आसपास दाखवतो. तापमान तेच ठेवून आर्द्रता ८० टक्के केली, तर ३२ च्या आसपास. मुलांना विचारा, की यातल्या कोणत्या दिवशी रस्त्यावर काम करणारा माणूस आधी आजारी पडेल? 'दमट उकाडा' हा त्यांच्या अनुभवाचा शब्द आहे, त्याला आता कारण मिळतं: हवेत आधीच वाफ भरपूर आहे, म्हणून घाम वाळत नाही, नुसता ओघळतो.

सांद्रीभवनासाठी बर्फाचं पाणी घातलेला स्टीलचा पेला पुरतो. पण पाण्यात गडद रंग घाला. "पाणी पेल्यातून झिरपलं" असं म्हणणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात, आणि बाहेरचे थेंब बिनरंगी निघाले की वाद तिथेच मिटतो. कोरड्या हवेत पेल्यावर काहीच जमलं नाही तर बर्फात दोन चमचे मीठ घाला, तापमान शून्याखाली जाईल. एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगा: वाफ दिसत नाही. ढग, धुकं किंवा किटलीच्या तोंडासमोरचा पांढरा धूर म्हणजे पाण्याचे बारीक थेंब.

तिसरी तासिका: पाऊस कुठे पडला?

ही तासिका सगळ्यांत महत्त्वाची. वेळ अपुरा असेल तर बाकी काहीही कापा, पण ही ठेवा.

साधारण ३० बाय २० सेंटिमीटरचे, ८ सेंटिमीटर खोल असे तीन ट्रे घ्या. तिन्हींत सारखीच माती ५ सेंटिमीटर जाडीने दाबून भरा. पहिल्यावर गवताची लादी मुळांसकट बसवा, दुसरा उघडा ठेवा, तिसऱ्यावर प्लास्टिक ताणून बसवा, ते काँक्रीट. प्रत्येक ट्रेच्या एका कडेला मातीच्या पातळीवर खाच करा आणि खाली मोजपात्र ठेवा. मागची बाजू ४ सेंटिमीटर उचला. पाऊस पाडायला बाटलीच्या झाकणाला दाभणाने दहा भोकं पाडा. प्रत्येक ट्रेवर ५०० मिलिलिटर पाणी एका मिनिटात, सारख्याच उंचीवरून. पहिल्या, दुसऱ्या आणि पाचव्या मिनिटाला खाली जमलेलं पाणी मोजून लिहा. पाण्याचा रंगही लिहा.

प्लास्टिकवरून जवळजवळ सगळं पाणी लगेच येतं आणि स्वच्छ असतं. उघड्या मातीवरून कमी येतं, पण गढूळ. गवतावरून सगळ्यांत उशिरा आणि सगळ्यांत कमी येतं. असं दिसलं नाही, तर कारण बहुधा पुढच्या तिन्हींपैकी एक असतं. माती पूर्ण सुकलेली आणि भुकटीसारखी असेल तर ती सुरुवातीला पाणी घेतच नाही. माती आणि ट्रेच्या भिंतीत फट असेल तर पाणी फटीतून खाली जातं आणि उघडी माती गवतापेक्षा 'चांगली' ठरते. गवत त्याच दिवशी लावलं असेल तर मुळांनी माती धरलेली नसते. तिन्हींवर उपाय एकच: ट्रे दोन दिवस आधी तयार करा, पाणी शिंपडून पुरते निथळू द्या, कडा अंगठ्याने दाबून घ्या.

मोजणी झाली की शाळेच्या मैदानाचं गणित. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बरोबर एक लिटर पाणी. हे एवढं एक समीकरण मुलांच्या डोक्यात पक्कं बसलं तरी तासिका सत्कारणी लागली. १,००० चौरस मीटरच्या अंगणात ४० मिलिमीटर पाऊस झाला, तर ४०,००० लिटर. अंगण फरसबंद असेल आणि ९० टक्के वाहून जात असेल, तर ३६,००० लिटर गटारात. मातीचं असेल आणि ३० टक्केच वाहत असेल, तर १२,०००. मधले २४,००० लिटर कुठे गेले? काही मातीने धरले, ते पुढे झाडांमधून किंवा थेट हवेत जातील. काही आणखी खाली मुरले. तिथून पुढचा प्रश्न मुलं आपणच विचारतात: आणि ते ३६,००० लिटर एकदम कोणाच्या दारात गेले? पूर म्हणजे जास्त पाऊस, ही समजूत इथे सुटते. त्याच पावसाचं पाणी एकाच वेळी खाली पोहोचलं, तरीही पूर येतो.

आठवीच्या वर्गात इथेच आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. नद्यांना पाणी पुरवण्याइतका पाऊस पडतच नाही, असं युरोपात शतकानुशतकं मानलं जात होतं. १६७४ मध्ये पियेर पेरो या फ्रेंच अभ्यासकाने फ्रान्समधल्या सेन नदीच्या उगमाकडच्या खोऱ्यातला पाऊस आणि नदीतलं पाणी यांचा हिशेब मांडला. पाऊस सहापट निघाला. मुलांनी आत्ता वहीत केलेलं गणित जवळपास तेच आहे.

चौथी तासिका: जमिनीखालचं पाणी

भूजल म्हणजे जमिनीखालचं तळं किंवा वाहती नदी, असं बहुतेकांना वाटतं, मोठ्यांनाही. काही विशिष्ट खडकांत गुहांमधून नद्या वाहतात हे खरं, पण एरवी पाणी दगडांच्या भेगांत आणि वाळू-खडीच्या कणांमधल्या जागेत असतं. स्पंज पिळून दाखवला की हे पटतं.

प्रतिकृतीसाठी पारदर्शक डबा, साधारण ३० बाय २० बाय १५ सेंटिमीटर. त्यात ५ ते १० मिलिमीटरची खडी सात-आठ सेंटिमीटर भरा. खडी आधी चार-पाच वेळा धुवा, नाहीतर पाणी गढूळ होऊन काहीच दिसत नाही. एका टोकाला खडी बाजूला सारून खड्डा करा, ते तळं. दुसऱ्या टोकाला हात धुण्याच्या साबणाच्या बाटलीचा पंप उभा रोवा. त्याच्या नळीच्या टोकाला नायलॉनचं कापड बांधा. खडीऐवजी वाळू वापरली तर पंप दहा-बारा दाबांत तुंबतो.

पाणी ओता, खडीत चार सेंटिमीटर पातळी दिसेपर्यंत. तळ्यातही आपोआप तेवढंच पाणी येईल. डब्याच्या बाहेरून पेनाने खूण करा. आता पंप चालवा आणि ५०० मिलिलिटर काढा. तळ्याला कोणी हात लावला नाही, तरी ते उतरलं. विहीर उपसली की शेजारचा ओढा का आटतो, हे या एका दृश्यात आहे. मग दोन विद्यार्थ्यांना दोन पंप द्या, एकाची नळी उथळ आणि एकाची खोल. उथळ पंपवाल्याचं पाणी आधी संपतं. त्याने काही चूक केलेली नसते. यावर वर्गात चर्चा रंगते, ती थांबवू नका. पाण्याच्या वाटणीचा प्रश्न इतक्या सरळपणे दुसऱ्या कुठल्याही प्रयोगात पुढे येत नाही.

शेवटची दहा मिनिटं प्रदूषणाला. पंपापासून दहा सेंटिमीटरवर खडीवर खाण्याच्या रंगाचे दहा थेंब टाका, वरून १०० मिलिलिटर पाणी शिंपडा आणि उपसत राहा. रंग कितव्या दाबाला येतो ते मोजा. मग स्वच्छ पाणी घालत उपसा, आणि रंग पूर्ण जायला किती पाणी लागतं तेही मोजा. दूषित व्हायला लागणारा वेळ आणि स्वच्छ व्हायला लागणारा वेळ यांतली तफावत मुलांना आकड्यांतच दिसू द्या. लाल किंवा निळा रंग घ्या, पिवळा दिसत नाही.

पाचवी तासिका: थेंबाचा खेळ, माणसासकट

वर्गात किंवा मैदानात सात जागा आखा आणि प्रत्येक जागी एक फासा ठेवा. मुलं म्हणजे पाण्याचे थेंब. सुरुवातीला सगळ्या जागी सारखी वाटून उभी करा. शिट्टी वाजली की प्रत्येक जण फासा टाकून नियमाप्रमाणे हलतो किंवा थांबतो.

समुद्र: १ ते ४ तिथेच, ५-६ हवेत.
हवा: १ ते ३ समुद्रात, ४ मातीत, ५ नदीत, ६ बर्फात.
बर्फ: १ ते ५ तिथेच, ६ नदीत.
माती: १ ते ३ हवेत, ४ तिथेच, ५ भूजलात, ६ नदीत.
भूजल: १ ते ४ तिथेच, ५ नदीत, ६ माणसाकडे.
नदी: १ ते ३ समुद्रात, ४ भूजलात, ५-६ माणसाकडे.
माणूस: १ ते ४ हवेत, ५-६ नदीत.

शेवटच्या ओळीवर मुलं हरकत घेतात. आपण वापरलेलं पाणी हवेत कसं जाईल? जगात माणूस जेवढं गोडं पाणी उचलतो, त्यातलं सुमारे ७० टक्के शेतीसाठी जातं, आणि शेताला दिलेल्या पाण्याचा मोठा भाग पिकांच्या पानांतून बाष्पोच्छ्वासाने निघून जातो. म्हणून.

पंधरा शिट्ट्या पुरतात. बर्फात आणि समुद्रात अडकलेली मुलं कंटाळतात. त्यांना सांगा, की हे अडकणं बरोबरच आहे, पाणी तिथे असंच अडकतं. प्रत्येकाने आपला प्रवास चिठ्ठीवर लिहायचा. दुसऱ्या फेरीत दोनच नियम बदला. मातीत १ ते ५ हवेत आणि ६ तिथेच, म्हणजे जमिनीत मुरणं बंद. भूजलात १ ते ३ तिथेच, ४ ते ६ माणसाकडे, म्हणजे जास्त उपसा. शेवटी भूजलाच्या जागी किती जण उरले ते दोन्ही फेऱ्यांत मोजा. चाळीस मुलांच्या एका फेरीत योगायोग बराच असतो, कधीकधी फरक दिसतही नाही. दोन-तीन तुकड्यांचे आकडे एकत्र करा आणि हेच कारण मुलांना सांगा.

सहावी तासिका: साखळी

प्रत्येक गटाला एक घटना द्या: पाऊस महिनाभर उशिरा आला; डोंगरावरचं बर्फ महिनाभर आधी वितळलं; दिवसभराचा पाऊस एका तासात पडला; नदीकाठची झाडं तोडली; एकाच शेताला वर्षानुवर्षं भरपूर पाणी दिलं. कागदावर चार रकाने: घटना, जलचक्राचा कोणता टप्पा बदलला, कोणाला जाणवलं, किती दिवसांनी.

"झाडं तोडली, पाऊस कमी झाला, दुष्काळ पडला" अशी साखळी आली तर परत पाठवा. टप्पा गाळला आहे आणि वेळेचा रकाना रिकामा आहे. चांगली साखळी अशी असते: शेताला जास्त पाणी दिलं, बाष्पीभवनाने पाणी गेलं पण त्यातले क्षार मातीतच राहिले, काही वर्षांनी जमीन खारट झाली, शेतकऱ्याचं पीक घटलं. हे पटत नसेल तर मिठाचं पाणी ताटलीत सुकवून तळाचा पांढरा थर दाखवा. एका तासात पडणाऱ्या पावसाच्या गटाला एक आकडा पुरवा: हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त वाफ सामावू शकते.

दोन गोष्टी सांभाळा. वर्गात पूर किंवा टंचाई प्रत्यक्ष भोगलेली मुलं असू शकतात. त्यांना अनुभव सांगायला लावू नका, सांगायचा असेल तर अडवू नका. आणि प्रत्येक साखळीच्या शेवटी "म्हणून पाणी जपून वापरा" हे वाक्य येणारच. ते उत्तर म्हणून स्वीकारू नका. दात घासताना नळ बंद करणं योग्यच आहे, पण त्याने फरसबंद अंगणात पाणी मुरत नाही. कोण, कोणत्या टप्प्यावर, काय बदलू शकतो, एवढं विचारा.

मूल्यमापनासाठी पहिल्या दिवसाचाच कोरा कागद आणि तीच सूचना पुन्हा द्या. गुण आठ: जमिनीखालच्या पाण्याला दोन, माणूस पाणी घेतो आणि सोडतो असे दोन्ही बाण असल्यास दोन, निदान तीन ठिकाणी 'इथे किती काळ' लिहिल्यास दोन, एखादा आडवाटेचा किंवा उलटा बाण, जसं मातीतून परत हवेत, असल्यास दोन. चित्रकलेला गुण नाहीत. सोबत एकच लेखी प्रश्न पुरतो: पाऊस सरासरीइतका झाला, तरी विहीर का आटली? मुरण्याची जागा कमी झाली, पाऊस थोड्या तासांत पडून वाहून गेला, शेजारी खोल उपसा वाढला, उष्णतेने मातीतलं पाणी आधीच उडालं, यांपैकी कोणतीही दोन कारणं टप्प्याच्या नावासकट आली तर पूर्ण गुण. "पाणी वाया घालवलं" एवढंच लिहिलं असेल तर कोणी, कुठे आणि मग ते पाणी कुठे गेलं, असं समासात लिहून कागद परत द्या.